खारीऽऽ... ए खारीऽऽ!

फटाक्याचा एक आवाज, उघडं राहिलेलं दार आणि घरातलं चार पायांचं मेंबर गायब! अशा वेळी कोण कोण धावून येतं? आणि कोणाला विचारायचं हे आपल्या डोक्यातच येत नाही?

पहाटेचे सव्वापाच. कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीतली एक गल्ली. अंगात भावाचं जॅकेट, पायात दोन वेगवेगळ्या चपला अशा अवतारात मी ओरडत चाललेय, "खारीऽऽ... खारीऽऽ!" पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडते. एक आजोबा डोकं बाहेर काढून विचारतात, "टोस्ट पण आहेत का गं?"

हसा, हसा. आता मलाही हसू येतं. त्या दिवशी मात्र मी तिथेच फुटपाथवर बसून भोकाड पसरलं होतं.

खारी म्हणजे आमची कुत्री. पक्की देशी. रंग बेकरीतून नुकत्याच आलेल्या खारीसारखा, म्हणून हे नाव. (नाव ठेवताना ते कधीतरी रस्त्यावर ओरडावं लागेल, याचा विचार कोण करतं?)

२०२३ची दिवाळी. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं होतं, १२ नोव्हेंबरला, रविवारी. सकाळी घरातल्या सगळ्यांबरोबर खारीचीही अंघोळ झाली. त्यासाठी गळ्यातला पट्टा काढला, धुतला आणि बाल्कनीत वाळत घातला. माझा मोबाइल नंबर होता त्या पट्ट्यावर! संध्याकाळी पूजा आटोपली, शेजारची मुलगी फराळाचं ताट घेऊन आली, मी दार उघडलं आणि नेमका तेव्हाच खाली कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला. माझ्या पायांमधून काहीतरी सुसाट गेलं. चार मजले, पार्किंग, गेट आणि थेट रस्ता. पट्टा बाल्कनीत वाळतोय.

माणसाच्या कानाला फार तर वीस हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. कुत्र्याला त्याच्या दुपटीहूनही वरचं, साधारण पंचेचाळीस हजारांपर्यंत. आपल्याला नुसता 'धडाम' वाटतो त्यात त्याला काय काय ऐकू येत असेल, कोणास ठाऊक. दिवाळीत फटाके रात्री आठ ते दहा याच वेळेत उडवायचे, असं सुप्रीम कोर्टाने २०१८मध्ये सांगितलं. आमची खारी आठ वाजून पाच मिनिटांनी पळाली. म्हणजे सगळं कसं नियमात!

आधी आरडाओरडा

मी पहिलं काम काय केलं असेल, तर खाली जाऊन वॉचमन काकांवर ओरडले. "गेट उघडं ठेवायचं असतं का? तुम्हाला ठेवलंय कशाला?" बरंच काही बोलले. पार्किंगमध्ये दहा-पंधरा माणसं नवे कपडे घालून उभी होती. काका खाली मान घालून ऐकत राहिले. घराचं दार मी उघडलं होतं, पट्टा मी काढला होता, ही गोष्ट तेव्हा मी कोणालाच सांगितली नाही. स्वतःलासुद्धा.

मग आपण सगळे करतो तेच केलं. फोन बाहेर काढला. खारीचा झकास फोटो (जीभ बाहेर, कान वर), खाली मजकूर आणि पाठव सगळ्या ग्रुप्सवर. सोसायटीचा ग्रुप, कॉलेजचा, ऑफिसचा, ट्रेकचा. तासाभरात उत्तरांचा पाऊस. हात जोडलेले, रडके चेहरे, 'मिळेल गं, डोन्ट वरी'. मला एकदम भारी वाटायला लागलं. वाटलं, अख्खं पुणे शोधतंय!

अख्खं पुणे फराळ खात होतं, हो. अधूनमधून माझी पोस्ट पुढे ढकलत होतं, इतकंच.

माझा एक मित्र हिंजवडीत नोकरी करतो. २०२१मध्ये त्याचा लॅब्राडोर बाणेरच्या फ्लॅटमधून पळाला. त्याने रात्रभर पोस्टी टाकल्या. नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंत शेअर झाल्या. पण समोरच्या बिल्डिंगच्या गेटवर जाऊन विचारायला त्याने दोन दिवस लावले. "भाड्याने राहतो यार, कोणाला ओळखत नव्हतो. दार वाजवून काय सांगणार?" असं तो मला नंतर म्हणाला. समोरच्या वॉचमनने कुत्रा पाहिला होता. पहिल्या रात्री, पार्किंगमध्ये, एका गाडीखाली. दुसऱ्या दिवशी त्याने त्याला हाकलून दिलं होतं. तो लॅब मिळालाच नाही. मित्र अजूनही त्या रस्त्याने बाइक हळू चालवतो.

दुसऱ्या मजल्याचा झटका

रात्री साडेदहाला दारावर टकटक. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. आता या काकूंची ओळख करून द्यायला हवी. 'कुत्रं लिफ्टमधून न्यायचं नाही' असा अर्ज सोसायटीत देणाऱ्या त्या ह्याच. आमच्यात आठ महिने 'हाय-हॅलो' बंद होतं. मला वाटलं, आता टोमणा बसणार. काकू म्हणाल्या, "फोटो नको, मला नीट सांग. कान कसे, शेपूट कशी, पाय कुठल्या रंगाचे?" आणि त्यांनी आमच्याच सोफ्यावर बसून भजनी मंडळातल्या बायकांना फोन लावायला सुरुवात केली. एकेका गल्लीतली एकेक. "अगं, तुझ्या खिडकीतून बघ. पिवळट आहे. पुढचा डावा पंजा पांढरा."

अकरा वाजेपर्यंत सहा गल्ल्यांमधल्या खिडक्यांत कोणी ना कोणी उभं होतं. चार बातम्या आल्या, चारही चुकीच्या. (त्यातली एक तर बोकडाची निघाली. काय सांगू!) पण अंधारात एकटीने फिरणं आणि वरून कोणीतरी "इथे नाहीये गं, पुढे बघ" असं सांगणं, यात फार फरक असतो.

काकूंना ठाऊक नसेल, पण त्या अगदी बरोबर करत होत्या. अमेरिकेत हजारेक घरांची पाहणी करून लिहिलेला एक अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. हरवलेल्या कुत्र्यांपैकी ९३ टक्के परत मिळाले होते. त्यातले निम्मे, नेमकं सांगायचं तर ४९ टक्के, मालकांनी आजूबाजूच्या भागात शोधून काढले. गळ्यातला बिल्ला किंवा मायक्रोचिप यामुळे मिळाले १५ टक्के. आता तिकडच्या रस्त्यांवर आपल्यासारखी गल्लोगल्ली कुत्री नसतात, हे खरंच. आपल्याकडे पळालेलं पाळीव कुत्रं एका टोळीच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत हाकललं जातं आणि शेवटी जिथे कोणी भुंकत नाही अशा कोपऱ्यात दडून बसतं. ते फार लांब गेलेलं नसेलही. पण ते हाकेला 'ओ' देणार नाही.

हे मला दुसऱ्या दिवशी आमच्या व्हेटनी फोनवर सांगितलं. घाबरलेलं कुत्रं आपल्या माणसालाही ओळखत नाही. हाक मारत मागे धावलात, तर ते तुमच्यापासूनही पळेल. दिसलं तर खाली बसायचं, तेही तिरकं, त्याच्या डोळ्यांत न बघता. खाऊच्या पुड्याचा आवाज करायचा आणि त्याला येऊ द्यायचं. शोधायचं तर पहाटे चार ते सहा, रस्ते रिकामे असताना. जिथून पळालं तिथे आपला वापरलेला, न धुतलेला कपडा ठेवायचा, वासासाठी.

म्हणजे मी रात्रभर 'खारीऽऽ' करून कॉलनी डोक्यावर घेतली, ती उलटीच पडली होती.

कट्ट्यावरचं खातं

सोमवारी पहाटे पाचला खाली उतरले तर वॉचमन काका गेटवर माझी वाट बघत होते. आदल्या रात्रीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. ते म्हणाले, "चला ताई, पोरांना विचारू." आणि मला कोपऱ्यावर घेऊन गेले. तिथे पेपरची पोरं रोज पुरवण्या घालत बसतात. नऊ वर्षं मी त्या कॉलनीत राहतेय. सकाळी पाच वाजता तिथे एवढं सगळं चालतं, हे मला माहीतच नव्हतं. पेपरवाले, दूधवाले, झाडूवाल्या मावश्या, चहाची किटली घेऊन फिरणारा एक मुलगा. आपण उठायच्या आत सगळी कॉलनी यांच्या डोळ्यांखालून गेलेली असते.

काकांनी प्रत्येकाला थांबवून सांगितलं. मी फक्त फोटो दाखवला.

मग पोस्टर. भावाने आधी केलेलं पोस्टर फारच डिझायनर होतं. त्यात खारीचा बर्थडेसुद्धा! काकूंनी चष्मा वर करून निकाल दिला, "गाडीवरून जाताना वाचता येत नाही." मग एकच मोठा फोटो, 'कुत्री हरवली आहे' हे ठळक, फोन नंबर त्याहून ठळक, मराठी आणि हिंदी दोन्हींत, आणि 'दिसल्यास पाठलाग करू नका, फोन करा'. खांबांवर चिकटवण्यापेक्षा दुकानदारांना विचारून आत काचेला लावली. किराणावाला, केमिस्ट, इस्त्रीवाला, कोणी नाही म्हटलं नाही.

पांढऱ्या पंजाची गोष्ट मात्र पोस्टरमधून मुद्दाम गाळली आणि फोटोही पंजा न दिसणारा निवडला. ही आयडिया व्हेटचीच. आणि बरं झालं! सोमवारी दुपारी एकाचा फोन आला. "मॅडम, आपका कुत्ता मेरे पास है, पहले दो हजार भेज दो." मी विचारलं, कौनसा पंजा सफेद है? फोन कट. असे तीन आले. तिसऱ्या फोनला मी पैसे पाठवणारच होते, पंजाबिंजा काही न विचारता. आईने हातातून मोबाइल काढून घेतला.

मायक्रोचिपचंही तेव्हाच विचारून घेतलं. तांदळाच्या दाण्याएवढी असते, कातडीखाली बसवतात, आत पंधरा आकडी नंबर. बरेच जण समजतात, ती बसवली की मोबाइलवर कुत्रा दिसेल. अजिबात नाही. चिप वाचायला खास रीडर लागतो, म्हणजे कुत्रा आधी कोणाच्या तरी हाती लागायला हवा. वॉचमनला वाचता येतो तो पट्ट्यावरचा नंबर. (हो, बाल्कनीतल्या.)

सोमवार गेला. मंगळवारी पाडवा. आईने ओवाळणीचं ताट काढलं आणि तसंच ठेवून दिलं. संध्याकाळी मी फराळाचा डबा घेऊन खाली गेले आणि काकांना म्हटलं, "त्या दिवशी दार मीच उघडं ठेवलं होतं." ते म्हणाले, "माहीत आहे ताई. कॅमेऱ्यात दिसतं." एवढंच. डबा घेतला आणि परत रजिस्टर भरायला लागले.

पत्र्यांच्या आड

बुधवारी, भाऊबीजेला, सकाळी साडेसहाला बेल वाजली. कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताई. या कष्टकरी कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई पुण्यात घरोघरी जातात. रोज दार वाजवतात, आपण बादली पुढे करतो आणि दार लावतो. ताई म्हणाल्या, "तुमची कुत्री पिवळीच ना? पलीकडे बिल्डिंग पाडायला काढलीये, तिथल्या बाईकडे एक आहे म्हणे."

तुम्ही कोथरूडचे असाल तर कळेल. रीडेव्हलपमेंटमुळे हल्ली दर दोन बिल्डिंगनंतर एक रिकामी. बाहेर उंच पत्रे, आत राखणदाराचं कुटुंब. आमच्यापासून तिसऱ्या गल्लीत अशी एक होती, चालत चार मिनिटं. त्या पत्र्यांसमोरून मी तीन दिवसांत वीस वेळा गेले असेन. आत कोणी राहतं, हे एकदाही डोक्यात आलं नाही. आमच्या ग्रुपवर ती माणसं नव्हती आणि काकूंच्या भजनी मंडळातही.

पत्रा सरकवून आत गेलो. लातूरकडची, माझ्याच वयाची बाई, कडेवर पोर. तिने तोंडावर बोट ठेवलं. "वरडू नका. लई भ्यालीय ती. रविवारच्या रातीला आली बगा. जवळ येईना. भाकर टाकली की खायची, मंग पुन्ना जिन्याखाली." ज्या युक्त्या व्हेटनी मला फोनवर सांगितल्या, त्या तिने आपल्या आपणच केल्या होत्या.

जिन्याखाली अंधार. दोन डोळे. मी हाक मारली नाही. तिरकी होऊन फरशीच्या तुकड्यांवर बसले आणि बिस्किटाचा पुडा चुरचुरवत राहिले. पाच मिनिटं. दहा. पाठीमागे काका, काकू, भाऊ, ताई, सगळे चिडीचूप. मग माझ्या कोपराला काहीतरी ओलं लागलं. नाक.

पुढचा डावा पंजा पांढरा, आणि जरासा कापलेला.

पोस्टरवर 'योग्य बक्षीस' लिहिलं होतं. त्या बाईने पोस्टर पाहिलंच नव्हतं. पैसे घ्यायला ती तयार होईना, मग काकूंनी त्यांच्या पद्धतीने तिच्या पोराच्या हातात ठेवले. मी तिचा नंबर घेतला आणि 'खारीवाली ताई' म्हणून सेव्ह केला.

ती बिल्डिंग पुढे पडली. ते कुटुंब आधी दुसऱ्या साइटवर गेलं, मग तिसऱ्या. लिफ्टचा अर्ज काकूंनी मागे घेतलेला नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे म्हणतात. पण खारीसाठी दर गुरुवारी दहीभात येतो.

२०२४च्या लक्ष्मीपूजनाला आम्ही खारीला आतल्या खोलीत घेऊन, पंखा आणि टीव्ही मोठ्याने लावून बसलो होतो. पट्टा गळ्यात. रात्री नऊला फोन वाजला. खारीवाली ताई, बावधनच्या साइटवरून. "ताई, हितं एक काळं कुत्रं आलंय बगा. वाळूमागं दडलंय. पाळलेलं दिसतंय."

"गळ्यात पट्टा आहे का?" मी विचारलं.

"हाय की. नंबर बी हाय. पर मला वाचता येत न्हाई. तुमी येता का?"

भावाने तोवर गाडीची किल्ली उचलली होती.