गोळ्या सुरू झाल्या, तीळ उठले. मग दोष स्टेरॉइडचाच?

दिवाळीत ओझरला घरी गेले होते. शेजारच्या काकूंनी तळहात पुढे केला. आतड्याच्या सुजेसाठी त्यांना सात-आठ महिने प्रेडनिसोलोन आणि अझाथायोप्रिन चालू आहे. "हे बघ, नवे तीळ. स्टेरॉइडनंच ना? बंद करू का?"

बंद करायचं नाही, हे लगेच सांगितलं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी करतात. गोळी एकदम थांबवली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.

"स्टेरॉइडनंच ना?" याचं उत्तर मात्र अवघड आहे. ॲडिसनच्या आजारात एसीटीएच हे संप्रेरक वाढतं, म्हणून त्वचा काळवंडते. प्रेडनिसोलोन तर एसीटीएच दाबतं. मग तीळ कसे वाढतील?

इथेच आपण फसतो. त्वचा काळवंडणं वेगळं, तीळ उठणं वेगळं. तीळ म्हणजे रंगपेशींचा पुंजका. बहुतेक तिळांत बीआरएएफ जनुकात बदल झालेला असतो. पेशी थोड्या वाढतात आणि थांबतात. प्रतिकारशक्तीचं तिळांवर लक्ष असतं, हे हेलो तिळात दिसतं: भोवती पांढरं कडं, आत टी-पेशींची गर्दी, आणि तीळ हळूहळू नाहीसा. हा पहारा ढिला पडला तर? किडनी प्रत्यारोपण झालेल्यांत, केमोथेरपी घेणाऱ्यांत, एचआयव्हीबाधितांत एकदम बरेच तीळ उठल्याच्या नोंदी आहेत, तळहात-तळपायांवरही.

पण काकू दोन औषधं घेतात, आणि अशा नोंदींत अझाथायोप्रिनचं नाव वारंवार येतं. त्यात त्या दिवसभर द्राक्षबागेत, उन्हात. शिवाय आधी तळहात इतका निरखून पाहिला होता कुणी? जुना फोटो नाही. (चष्म्याचा नंबरही नुकताच बदललाय!)

म्हणून "स्टेरॉइडमुळे तीळ होतात का?" असा प्रश्न घेऊन गाइडकडे जाऊ नका. असं विचारा: फक्त स्टेरॉइड घेणारे आणि सोबत अझाथायोप्रिनही घेणारे, यांच्या तळहात-तळपायांवरचे तीळ औषधाआधी आणि वर्षभरानं मोजले, तर वाढीत फरक दिसतो का? तरीही एक खोच राहतेच: दुसरं औषध बहुधा जास्त आजारी माणसालाच दिलं जातं. मग फरक औषधाचा की आजाराचा?

काकूंना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. आपल्याकडे मेलानोमा बऱ्याचदा तळपायावर निघतो, त्यामुळे तळपायही दाखवा म्हटलं. जाण्याआधी पट्टी शेजारी ठेवून प्रत्येक तिळाचा फोटो काढला, तारखेसकट.