काळ्या बाहुलीचे कौतुक

भगिनींनो, काळी बाहुली म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? दृष्ट लागू नये म्हणून नव्या घरावर टांगलेली बाहुली! तिला कुणी मांडीवर घेत नाही, तिचे लग्न लावत नाही. अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीय स्त्रिया मात्र मुद्दाम काळ्या-सावळ्या बाहुल्या करतात आणि मोठ्या मानाने करतात. त्यामागची हकिकत ऐकण्याजोगी आहे.

या स्त्रियांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेले होते. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण हिणवणे संपले नाही. १९४० च्या सुमारास केनेथ व मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ पतिपत्नींनी तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. सगळ्या सारख्या, फरक फक्त रंगाचा. 'छान बाहुली कोणती?' निम्म्याहून अधिक मुलांनी गोरीकडे बोट केले. 'तुझ्यासारखी कोणती?' या प्रश्नाला तर काही मुले रडत खोलीबाहेर गेली. पुढे १९५४ साली वर्णावरून वेगळ्या शाळा ठेवणे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवले. त्या निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांच्या लेखनाचा उल्लेख आहे.

मुलांच्या मनातले हे शल्य काढायचे कसे? न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९३० साली जन्मलेल्या चित्रकर्त्री फेथ रिंगगोल्ड यांनी १९७३ च्या सुमारास कापडाच्या मोठमोठ्या स्त्री-आकृती घडवल्या. शिवणकामात वाकबगार असलेल्या त्यांच्या आईने कपडे शिवून दिले. २०२४ मध्ये रिंगगोल्ड वारल्या, पण सुईदोऱ्यातून आपल्या माणसांचा मान सांगण्याची वाट पुढे चालूच आहे.

आता काहीजणी लोकरीच्या बाहुल्या करतात. यात दोरा नाही, डिंक नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात आणि या कामाच्या सुईला बारीक खाचा. पिंजलेल्या लोकरीचा गोळा स्पंजावर ठेवून सुई शेकडो वेळा टोचली की तंतू एकमेकांत गुंततात आणि गोळा घट्ट होतो. जिथे जास्त टोचावे तिथे खळगा पडतो. असेच डोळे, नाक, ओठ उमटतात. हात चुकला की सुई बोटात जाते किंवा मोडते. अंगाचा रंगही एकच नाही. तपकिरी, तांबूस, काळी लोकर मिसळून प्रत्येकीची वेगळी छटा साधतात. केसांना मेंढीच्या कुरळ्या बटा लावतात. कुणाच्या वेण्या, कुणाचा डोक्याला बांधलेला रंगीत रुमाल. रुंद नाक, भरलेले ओठ जसेच्या तसे. लपवायचे काहीच नाही.

वाचकहो, 'उन्हात जाऊ नको, काळी होशील' हे आपल्याही घरात रोज बोलले जाते. लेक ते ऐकते आणि मनात ठेवते. पुढच्या वेळी चिंध्यांची बाहुली शिवाल तेव्हा चेहऱ्यासाठी पांढरे कापड शोधू नका. लेकीच्या रंगाचा तुकडा घ्या आणि मग तिचा चेहरा पाहा!