जखमेवाचूनचं मनोराज्य

‘लहानपणी काही झालं होतं का?’ तासन् तास मनोराज्यात बुडणारा माणूस समुपदेशकापुढे बसला की हा प्रश्न ठरलेला. पुष्कळांचं उत्तर ‘नाही’ असं असतं. घर चांगलं, आईवडील प्रेमळ, मार्कही बरे. तरी दार लोटून, कानात इयरफोन घालून, तेच गाणं पुन्हा पुन्हा लावत येरझाऱ्या चालू. डोक्यात वर्षानुवर्षं चाललेली एक मालिका असते. त्यातल्या पात्रांची लग्नं होतात, भांडणं होतात, कुणी मरतंही, आणि इकडे गाल ओले होतात. जेवायची हाक ऐकू येते, पण प्रसंग अर्धा सोडवत नाही.

जखमेचा संशय पहिल्याप्रथम का येतो, याला इतिहास आहे. २००२ मध्ये हैफा विद्यापीठातले एली सोमर यांनी या प्रकाराला ‘मॅलअ‍ॅडॅप्टिव्ह डेड्रीमिंग’ हे नाव दिलं, ते सहा रुग्णांवरून. सोमर मानसिक आघात सोसलेल्यांवर उपचार करणारे. त्यांच्याकडे आलेल्यांच्या बालपणात घाव सापडले यात नवल ते काय? हाडवैद्याच्या ओसरीवर बसून गाव मोजलं तर सगळे लंगडेच दिसायचे.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या सिंथिया शुपाक आणि जेसी रोझेन्थल यांनी एका स्त्रीची हकीकत छापली. मनोराज्याचा तिला वर्षानुवर्षं त्रास होता, पण दुसरा कुठलाही मनोविकार ठळकपणे दिसत नव्हता. दहा वर्षांहून अधिक काळ तिच्यावर उपचार झाले. फ्लुवोक्सामिन घेतल्यावर मनोराज्य आवरतं, असं तिचं म्हणणं. हे औषध ओसीडीसाठी, म्हणजे मंत्रचळासाठी वापरतात. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही, पण धागा हाती लागतो.

पुढे तो धागा बळकट झाला. सोमर, निरित सोफर-डुडेक आणि कॉलिन रॉस यांनी २०१७ मध्ये अशा ३९ जणांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यांपैकी सुमारे ७७ टक्क्यांना एडीएचडी होता आणि निम्म्याहून अधिकांना ओसीडी किंवा त्याच गटातला विकार. म्हणजे एकीकडे कंटाळवाण्या कामावर लक्ष टिकत नाही, दुसरीकडे सुरू झालेलं थांबवता येत नाही. यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे मात्र एवढ्यावरून ठरत नाही.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे उपजत देणगी. कल्पनेत अंग विसरून रंगण्याची क्षमता माणसामाणसांत वेगवेगळी असते. ऑके टेलेगन आणि गिल्बर्ट अ‍ॅटकिन्सन यांनी १९७४ मध्येच ती मोजण्याची प्रश्नावली केली. ज्याला बंद डोळ्यांपुढे चेहरा, आवाज, पावसाचा वासही हुबेहूब उभा करता येतो, त्याला मनातले मांडे खरोखरच गोड लागतात. गोड लागलं की पुन्हा हवंसं वाटतं. त्यासाठी दुःखातून पळायची गरज नसते. स्टीव्हन लिन आणि ज्युडिथ रू यांनी १९८८ मध्ये कल्पनाप्रवण माणसांच्या जडणघडणीत छळ आणि एकटेपणाबरोबर आणखी एक वाट दाखवली: घरातल्या मोठ्यांचं प्रोत्साहन. गोष्टी सांगणारी, ‘मग पुढे काय झालं?’ विचारणारी आजी! आता तिला दोष कोण देणार?

येरझाऱ्यांचंही तसंच. काही लहान मुलं कल्पनेत रंगली की हात फडफडवतात, दोरी हलवतात, गोल गोल फिरतात. एरवी ती धडधाकट असतात. २०११ मध्ये जेन बिगेल्सन आणि शुपाक यांनी स्वतःहून पुढे आलेल्या ९० जणांना विचारलं, तेव्हा ७९ टक्क्यांनी मनोराज्यासोबत अशी काही हालचाल होते असं सांगितलं. मोठेपणी ती लपवावी लागते. लपवायचं म्हणून एकटं राहायचं, आणि एकटं राहिलं की मनोराज्याला रान मोकळं. मूळ कारण काहीही असो, हे चक्र स्वतःच्या जोरावर फिरू लागतं.

डीएसएम किंवा आयसीडी या रोगनिदानाच्या याद्यांत ही अवस्था अजून स्वतंत्र नावानं नाही. उपचारांचा अभ्यास मात्र सुरू झाला आहे. ओरेन हर्स्कू, सोमर आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ऑनलाइन कार्यक्रमातून सजगतेचा सराव आणि स्वतःच्या मनोराज्याच्या नोंदी यांवर भर होता. त्याने त्रास कमी झाला. कधी सुरू झालं, कुठल्या गाण्यानं, किती वेळ चाललं, एवढं लिहून ठेवायला बालपण उकरावं लागत नाही.