उपचार कोणत्या भाषेत?

पक्षाघाताने मेंदूतला भाषेचा भाग दुखावला की माणसाला समोरची किल्ली दिसते, ती कशाला लागते हे कळते, पण नाव ओठांवर येत नाही. हा वाचाघात. बुद्धी शाबूत असते, अडतो तो शब्द. अमेरिकेत घरी स्पॅनिश आणि कामावर इंग्रजी बोलणाऱ्याला वाचाघात झाला, तर त्याच्यावर उपचार कोणत्या भाषेत करायचे? स्पॅनिश जाणणारे स्पीच थेरपिस्ट तिथे गरजेच्या मानाने फार थोडे. मग बरेचदा थेरपिस्टची भाषा तीच उपचाराची भाषा होऊन बसते. रुग्णावर हा अन्यायच आहे.

बोस्टन विद्यापीठातल्या स्वाती किरण यांनी या प्रश्नाचा चिकाटीने पाठपुरावा केला. 2006 साली लिसा एडमंड्स आणि त्यांनी तीन द्विभाषिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची इंग्रजी वरचढ होती, त्यांना कच्च्या स्पॅनिशमध्ये सराव दिल्यावर इंग्रजी शब्दही सुधारले. इंग्रजीतल्या सरावाने मात्र स्पॅनिश सुधारली नाही. पण यावरून सरसकट नियम बांधता आला नाही. 2013 च्या अभ्यासात 17 रुग्णांपैकी 14 जणांचे सरावातले शब्द सुधारले, पण त्यातल्या पाचच जणांमध्ये ती सुधारणा दुसऱ्या भाषेतल्या त्याच शब्दांपर्यंत पोचली. म्हणजे प्रत्येक रुग्णाचा विचार वेगळा करणे आले.

त्यासाठी ऑस्टिन इथल्या टेक्सास विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ रिस्तो मीक्कुलाइनेन आणि त्यांचे सहकारी सोबत आले आणि 'बिलेक्स' हे संगणकीय प्रारूप उभे राहिले. त्यात तीन नकाशे असतात: एक अर्थांचा, एक स्पॅनिश उच्चारांचा, एक इंग्रजी उच्चारांचा. अर्थाच्या नकाशात कुत्रा आणि मांजर शेजारी. स्पॅनिश उच्चारांच्या नकाशात मात्र 'गातो' म्हणजे मांजर हिचा शेजारी 'पातो' म्हणजे बदक. नकाशांना जोडणारे दुवे वापराने बळकट होतात. रुग्ण कोणती भाषा कोणत्या वयात शिकला, ती किती कानावर पडली, किती बोलली, ही माहिती देऊन प्रारूप त्याच्यासारखे घडवायचे. मग दुवे कमजोर करत जायचे, इतके की वस्तूंची नावे सांगताना प्रारूपही त्या रुग्णाइतकेच चुकू लागेल. आता त्याच प्रारूपाला एकदा स्पॅनिशचा सराव द्यायचा, एकदा इंग्रजीचा, आणि कशाने जास्त फायदा होतो ते पाहायचे. जिवंत माणसावर असे दोन्ही प्रयोग पहिल्यापासून करता येत नाहीत. या यंत्राचे मोल मला तिथेच दिसते.

प्रत्यक्ष उपचार साधेच असतात. सफरचंदाचे चित्र दाखवून थेरपिस्ट विचारते: हे फळ आहे का? झाडाला लागते का? खातात का? गुणधर्मांच्या वाटेने नावापर्यंत पोचायचे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात प्रारूपाचे अंदाज रुग्णांच्या प्रत्यक्ष सुधारणेशी बऱ्याच अंशी जुळले. प्रारूपाने सुचवलेली भाषा काहींना आणि दुसरी भाषा काहींना, अशी चिठ्ठीपद्धतीने विभागणी करून रीतसर चाचणीही आखली गेली. किरण यांच्या गटाने हे उपचार व्हिडिओ कॉलवरूनही समोरासमोरच्या उपचारांइतकेच गुणकारी ठरतात हे दाखवले. दूरच्या गावातल्या स्पॅनिशभाषक रुग्णासाठी ही केवढी मोठी सोय!

घरी एकट्याने सराव करायच्या ॲपबाबत मात्र सावध राहावे. स्पॅनिश एक असली तरी बसला मेक्सिकोत 'कामियोन' म्हणतात, क्युबात 'ग्वाग्वा', आर्जेन्टिनात 'कोलेक्तिवो'. ॲपला एकच उत्तर ठाऊक असेल, तर बरोबर बोललेल्या आजोबांना ते चूक ठरवेल, आणि आधीच खचलेला माणूस गप्प होईल. शिवाय 2019 साली ब्रिटनमध्ये 278 रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष असा, की संगणकावरच्या सरावाने नेमलेले शब्द सुधारले, संभाषण नाही. शब्द यंत्राने घोटून घ्यावेत; गप्पांना माणूसच हवा.

मुंबई-पुण्यातही घरी मराठी, बाजारात हिंदी आणि ऑफिसात इंग्रजी बोलणारी माणसे पक्षाघाताने आजारी पडतात. तुमच्या घरी असा रुग्ण असेल, तर त्याच्या सगळ्या भाषा, त्या तो कधी शिकला आणि कुणाशी बोलत असे, हे एका कागदावर लिहून पहिल्याच भेटीत थेरपिस्टच्या हाती द्या.