मेंदू एकाच डोळ्याचे ऐकतो तेव्हा

जयंतीच्या सजावटीतला उरलेला जिलेटिन कागद घरात असेल. एका डोळ्यावर लाल, दुसऱ्यावर हिरवा तुकडा धरून पांढऱ्या भिंतीकडे बघा. थोडा वेळ भिंत लाल दिसते, मग हिरवी, मधूनच ठिगळासारखे दोन्ही रंग. दोन्ही डोळे उघडेच असतात, पण मेंदू आळीपाळीने एकाचेच चित्र पुढे आणतो. एका रंगावर मन लावले तर तो थोडा जास्त टिकतो; दुसरा मात्र येतोच.

तिरळ्या मुलाच्या बाबतीत ही आळीपाळी बऱ्याचदा थांबते. डोळे दोन दिशांना, म्हणून चित्रेही दोन; मेंदू एक कायमचे टाकून देतो आणि त्या डोळ्याची नजर वाढतच नाही. याला आळशी डोळा म्हणतात. नाव मला पटत नाही. डोळा बिचारा काम करतो, मेंदू त्याचे ऐकत नाही. ‘नीट लक्ष देऊन बघ’ म्हणून ओरडून उपयोग नाही. तिरळेपणा भाग्याचा, असे म्हणून थांबूही नका.

डोळा सरळ असूनही, एकाच डोळ्याला मोठा नंबर असला तरी हे होते. एकेक डोळा झाकून बघा. एकच डोळा झाकल्यावर मूल रडते, हात ढकलते? जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या नेत्र विभागात दाखवा. अंगणवाडीत, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांनाही सांगा.

उपचार म्हणजे चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, डॉक्टर सांगतील तितके तास. “चांगलाच डोळा का झाकायचा गं?” आज्या विचारतात. दुसऱ्याचे ऐकायला मेंदूला भाग पाडायचे, म्हणून. सात वर्षांच्या आत सुरू केले तर गुण चांगला येतो.