फाईलमध्ये अक्षरं नसतात, आकडे असतात

शाळेच्या वार्षिकाची पानं संगणकावर तयार झाली. पडद्यावर ती चांगली देखणी दिसताहेत. फाईल पेनड्राइव्हवर घेऊन छापखान्यात गेलं, तिथल्या संगणकावर उघडली, आणि 'भारत' या शब्दाच्या जागी एच, के, के, जे, आर अशी पाच इंग्रजी अक्षरं ओळीनं उभी! मुखपृष्ठावरचा पोपटी रंग मळकट झालेला, स्नेहसंमेलनाच्या फोटोतले चेहरे ठोकळ्या-ठोकळ्यांचे. अशा वेळी 'व्हायरस आला असेल' हे ठरलेलं उत्तर ऐकायला मिळतं. व्हायरसचा इथं बहुधा काहीही संबंध नसतो. फाईलही बिघडलेली नसते. तिच्यात जे लिहिलं होतं तेच आहे, फक्त ते वाचणाऱ्याकडे वेगळी किल्ली आहे.

संगणकाच्या फाईलमध्ये अक्षर किंवा चित्र साठवलेलं नसतं, साठवलेले असतात आकडे. ६५ हा आकडा आला की इंग्रजी मोठा 'ए' काढायचा, असा संकेत ठरलेला आहे. तो 'ए' दिसतो कसा, हे मात्र फॉन्ट सांगतो. फॉन्ट म्हणजे आकड्यापुढे आकृती अशी एक यादीच म्हणा ना.

जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये या यादीत २५६ जागा असत, आणि त्यांतल्या पहिल्या १२८ इंग्रजीच्या संकेतानं आधीच अडवलेल्या होत्या. देवनागरीसाठी वेगळी सोय नव्हती. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर त्यांनी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवले. कृतिदेव या फॉन्टचं उदाहरण घेऊ. त्यात एचच्या जागी दंड नसलेला 'भ' आहे, केच्या जागी नुसता उभा दंड, जेच्या जागी 'र' आणि आरच्या जागी 'त'. आता एच-के-के-जे-आर पुन्हा वाचून पाहा. पहिल्या दंडानं 'भ' पुरा होतो, दुसरा दंड काना होतो, आणि 'भारत' तयार! छापखान्यात पूर्वी खिळे जुळवणारा जसा विचार करायचा, तसाच हा विचार आहे. त्या काळाच्या मानानं ही युक्ती फार हुशारीची होती, आणि तिच्याच जोरावर मराठी छपाई संगणकावर आली, हे विसरून चालणार नाही.

पण फाईलमध्ये उतरलं काय? ७२, १०७, १०७, १०६, ११४. संगणकाच्या लेखी ही इंग्रजी अक्षरंच आहेत. छापखान्यातल्या संगणकावर कृतिदेव नसेल, तर तो दुसरा कुठला तरी फॉन्ट वापरतो आणि इमानदारीनं इंग्रजी अक्षरं दाखवतो. शिवाय प्रत्येक कंपनीनं तुकडे आपापल्या सोयीनं बसवलेले. त्यामुळे एका कंपनीच्या फॉन्टमधला मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये पाहिला, की वेगळीच गिचमीड दिसते. अशी गिचमीड दिसली म्हणून मजकूर पुन्हा टाईप करायला बसू नये. आधी मूळ फॉन्टचं नाव शोधावं. फाईल उघडताना 'अमुक फॉन्ट सापडला नाही' अशी सूचना येते; आपण घाईनं ती बंद करतो, पण हवं असलेलं नाव तिच्यातच असतं.

या गोंधळावरचा पक्का उपाय युनिकोड. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली. त्यात देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा स्वतःच्या १२८ जागा आहेत, आणि त्यांची मांडणी इस्की या भारतीय संकेतावर बेतलेली आहे. युनिकोडमधला 'भारत' म्हणजे २३४९, २३६६, २३५२, २३४०. हे आकडे जगात कुठेही गेले तरी 'भ', काना, 'र', 'त' असेच वाचले जातात. इंग्रजी म्हणून वाचले जाण्याची भीती नाही.

मग युनिकोड वापरूनही पोस्टरवरच्या 'किल्ला' शब्दातली वेलांटी 'क'च्या पलीकडे जाऊन का बसते? युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवतात: आधी 'क', मग वेलांटी. वेलांटी डावीकडे आणणं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणं, जोडाक्षरं जोडणं हे काम सॉफ्टवेअरनं करायचं असतं. ते त्याला येत नसेल, तर अक्षरं मराठीच दिसतात पण विस्कटलेली, पाय मोडलेली. पेजमेकर हे एके काळी घरोघरी पोचलेलं सॉफ्टवेअर १९८५ साली आलं. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. त्याला युनिकोड कळतच नाही. फोटोशॉपला कळतं, पण त्याच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये टाइप या विभागात दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा पर्याय निवडावा लागतो (आवृत्तीनुसार त्याचं नाव बदलतं, काहींत 'वर्ल्ड-रेडी' असे शब्द असतात) आणि मग नवी फाईल उघडावी लागते.

म्हणजे लक्षणावरून दुखणं ओळखता येतं. इंग्रजी अक्षरं दिसली, तर जुना फॉन्ट हरवला आहे. रिकामे चौकोन दिसले, तर निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी आकृत्याच नाहीत. वेलांटी भलतीकडे गेली, तर फॉन्ट ठीक आहे, मांडणी करणारं सॉफ्टवेअर कमी पडतं आहे. आणखी एक खास मराठी दुखणं आहे. काही फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटतात, आपल्या पाठ्यपुस्तकातल्यासारखे नाहीत. पुष्कळ नव्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात; मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली की आपली वळणं येतात. पहिलीच्या मुलांसाठी तक्ता करताना हे जरूर पाहावं. काम सुरू करण्यापूर्वी किल्ला, वर्ग, राष्ट्र, श्लोक, आचार्यांना, आचाऱ्यांना एवढे शब्द टाईप करून छापून पाहिले, तरी पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

छापखान्यात फाईल पाठवताना दोन मार्ग असतात. पीडीएफ करताना फॉन्ट आतच बांधून देता येतो. म्हणजे कुलपासोबत किल्लीही दिली. तो बांधला गेला की नाही, हे पीडीएफच्या प्रॉपर्टीजमधल्या फॉन्टच्या यादीत दिसतं. दुसरा मार्ग अक्षरांचे 'कर्व्ह' करण्याचा. यात अक्षर हे अक्षर राहतच नाही, नुसती रेषाकृती होते. फॉन्टची गरज संपते, पण शुद्धलेखनाची एक चूकही नंतर दुरुस्त करता येत नाही. मूळ फाईल वेगळी ठेवून नकलेचेच कर्व्ह करावेत.

वर्गात हा फरक डोळ्यांनी दाखवता येतो. इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. कंट्रोलची कळ दाबून धरून एक वर्तुळ काढा, शेजारी युनिकोडमध्ये एक मराठी शब्द लिहा आणि फाईल साठवा. आता हीच फाईल नोटपॅडमध्ये उघडून 'सर्कल' हा इंग्रजी शब्द शोधा. वर्तुळ नाहीच, मध्यबिंदूचे दोन आकडे आणि त्रिज्येचा एक! त्रिज्येचा आकडा बदलून साठवा आणि फाईल पुन्हा इंकस्केपमध्ये उघडा. मुलांना ही गंमत फार आवडते. मराठी शब्द मात्र शब्द म्हणूनच लिहिलेला सापडेल. मग त्या शब्दाचं रेषांत रूपांतर करून पुन्हा पाहा: अक्षरांऐवजी आकड्यांची लांबच लांब रांग, शब्द फार तर लेबलासारखा नावापुरता उरलेला.

फोटोचं गणित वेगळं. फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांचे आकडे. चांगल्या छपाईला इंचाला साधारण ३०० ठिपके लागतात. फोनवरून आलेला फोटो १६०० बाय १२०० ठिपक्यांचा असेल, तर १६०० भागिले ३०० म्हणजे सव्वापाच इंच, जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर. तोच ए-४ आकाराच्या पानभर ताणला तर इंचाला १३७ च्या आसपास ठिपके उरतात. पडद्यावर एवढे पुरतात, म्हणून तिथं दोष कळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये आकडा बदलून ३०० केला तरी फायदा नाही. मधले ठिपके ते अंदाजानं भरतं. फोटो व्हॉट्सअॅपवर मागवायचा असेल, तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावं. नाहीतर वाटेतच तो आक्रसतो.

रंगाचं कारण भौतिकशास्त्रात आहे. पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश फेकतो. शाई प्रकाशातला काही भाग शोषून घेते. झगझगीत पोपटी आणि गडद निळा प्रकाशात मिळतात, सायन, मॅजेन्टा, पिवळ्या आणि काळ्या शाईच्या मिश्रणात मिळत नाहीत. रंग आधीच शाईच्या पद्धतीत बदलून पाहावेत, म्हणजे आयत्या वेळी धक्का बसत नाही. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवावा. चारही शाया मिळून केलेला काळा रंग जरा सरकला की अक्षरांना रंगीत कडा येतात.

उलटंही घडतं: दोष पडद्यावर आणि कागद स्वच्छ. पीडीएफमध्ये रंगीत आकृत्यांच्या सांध्यावर केसासारखी पांढरी रेघ दिसते. पान मोठं करून पाहावं. रेघ पानाबरोबर जाड होत नसेल, तर ती पडद्याच्या रंग मिसळण्याच्या पद्धतीतून आलेली आहे आणि बहुधा छापली जाणार नाही.

राहिला प्रश्न कपाटातल्या जुन्या वार्षिकांच्या फाईलींचा. त्या जुन्या फॉन्टमध्ये असतील, तर मजकूर अजून वाचता येतो तोवरच युनिकोडमध्ये आणायला हवा. नुसते पीडीएफ जपून भागत नाही. डोळ्यांना नीट दिसणाऱ्या पीडीएफमधून मजकूर उचलला तर पुन्हा एच-के-के-जे-आर हाती येतं, आणि एखाद्या माजी विद्यार्थ्याची कविता नावानं शोधली तर सापडत नाही. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांवर ती अडखळतात. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाईप होतो, युनिकोडमध्ये दोन्ही उलट. वरच्या वर्गातल्या दोघांदोघांना एकेक पान दिलं, एकानं छापील अंक मोठ्यानं वाचला आणि दुसऱ्यानं पडद्यावर ताडून पाहिलं, तर तपासणी चांगली होते. वाचताना ह्या दोन जागांकडे जास्त लक्ष द्यायला सांगावं.