धनुष्याच्या पाठीचें चामडें

जुन्या घराण्यांच्या शस्त्रयाद्या, पदार्थसंग्रहालयांतील चिठ्ठ्या आणि विक्रेत्यांचीं टिपणें चाळतांना कमानीच्या नोंदीपुढें "पाठीस चामडें" किंवा "चामड्यानें मढविलेली" एवढाच शेरा पुष्कळदां आढळतो. शेरा खोटा असतो असें नाहीं. परंतु त्या एका शब्दाखालीं निदान चार निरनिराळ्या वस्तु झांकल्या जातात. कच्चें कातडें, कमावलेलें कातडें, जनावराच्या स्नायूंचा थर आणि या सर्वांवरून घातलेलें निव्वळ आच्छादन, हीं चारहि दुरून सारखींच तपकिरी दिसतात. पण धनुष्यांत त्यांचीं कामें अगदीं वेगळीं आहेत. यांपैकीं पाठीवर काय आहे हें समजल्यावांचून धनुष्याची जात ठरत नाहीं. आणि तें न ओळखतां केलेल्या उठाठेवीनें तीन शतकें टिकलेली कमान एका दुपारीं फुटूं शकते.

प्रथम 'पाठ' व 'पोट' हे शब्द स्पष्ट केले पाहिजेत, कारण येथेंच बहुतेकांचा घोटाळा होतो. सज्ज धनुष्य हातांत धरलें असतां जी बाजू लक्ष्याकडे असते ती त्याची पाठ, व जी दोरीकडे म्हणजे धनुर्धराच्या तोंडाकडे असते तें पोट. दोरी ओढली म्हणजे पाठ ताणली जाते व पोट दाबलें जातें. लाकूड शंभरांत सुमारें एक भाग ताणलें गेलें कीं तुटण्याच्या बेतास येतें. पोटाकडील लाकूड दमलें तर त्यावर बारीक आडव्या सुरकुत्या पडतात, धनुष्याचा जोर कमी होतो, पण तें बहुधा शाबूत राहतें. पाठीची गोष्ट निराळी. तेथील एक तंतु सुटला कीं त्या जागीं ढलपी उचलते, ढलपीच्या मुळाशीं सगळा ताण एकवटतो व पुढच्याच ओढीस धनुष्य दुभंगतें. म्हणून पाठीचें रक्षण ही धनुष्य करणाराची पहिली काळजी होय.

ही काळजी वाहण्यास चामडेंच पाहिजे असें मात्र नाहीं. इंग्लंडांत यू नांवाच्या झाडाचें धनुष्य करीत, त्यांत गाभ्याचें तांबूस लाकूड पोटास व त्यालगतचें बाहेरचें पांढरट लाकूड पाठीस ठेवीत. हें पांढरें लाकूड ताणास चिवट असल्यामुळें झाडानेंच पाठ बांधून दिल्यासारखें होई. 'मेरी रोज' हें जहाज 1545 मध्यें बुडालें व 1982 मध्यें वर काढण्यांत आलें. त्यांतून शंभराहून अधिक धनुष्यें हातीं लागलीं, तीं सर्व याच रीतीचीं आहेत. आपल्याकडील भिल्लांचा वेळूचा कमठाहि पाठीस कांहीं न चिकटवितां केलेला असतो, व त्याची दोरीसुद्धां पुष्कळदां वेळूच्याच चिवट कांबीची असते. वेळूचे बळकट तंतु सालीलगत दाट असतात, तेव्हां ती बाजू न तासतां राखली म्हणजे निराळ्या पाठीची गरज पडत नाहीं. तात्पर्य, जेथें लाकूड उत्तम मिळे तेथें चामड्याचें प्रयोजन थोडें. जेथें लाकूड आंखूड, गांठाळ किंवा ठिसूळ मिळे, अथवा घोडेस्वारासाठीं धनुष्य आंखूड पण जोरकस पाहिजे असे, तेथें पाठीस दुसऱ्या द्रव्याची जोड आली.

त्या द्रव्यांत सर्वांत साधें तें कच्चें कातडें. केस व चरबी काढून, न कमावतां, ताणून वाळविलेलें हें कातडें होय. हस्तलिखितें जमविणारांस त्याची ओळख वेगळ्या रूपानें आहेच. युरोपांतील चर्मपत्र तें हेंच, फक्त अधिक घांसून पातळ केलेलें. तें भिजलें कीं कापडासारखें मऊ होतें व वाळतांना आकसून शिंगासारखें टणक बनतें. कृति अशी कीं, ओल्या कातड्याच्या दोन लांब पट्ट्या कापून त्या मुठीपाशीं जोडावयाच्या, ऊन सरस लावून पाठीवर बसवावयाच्या, वरून दोरा घट्ट गुंडाळावयाचा व सावकाश वाळूं द्यावयाचें. सॅन फ्रान्सिस्को येथील शस्त्रवैद्य सॅक्स्टन पोप यांनीं 1923 मध्यें प्रसिद्ध केलेल्या 'हंटिंग विथ द बो अँड ॲरो' या ग्रंथांत वासराच्या कच्च्या कातड्यानें पाठ करण्याची रीत दिली आहे. कातड्याचा हा थर धनुष्यास फारसा जोर देत नाहीं. तो लाकडाचे तंतु जागच्या जागीं दाबून ठेवतो आणि ढलपी उचलूं देत नाहीं, एवढेंच त्याचें काम. पण तें काम मोलाचें आहे.

कमावलेल्या कातड्यास हेंहि साधत नाहीं. बाभळीची साल, तरवड किंवा हिरडा यांच्या पाण्यांत मुरविलेलें कातडें मऊ, लवचिक व टिकाऊ होतें. पण तें ताणल्यास सहज लांबतें, म्हणून पाठीवरचा ताण तें आपल्यावर घेत नाहीं. सरस हा कातड्याचा आणि स्नायूचाच उकळून काढलेला अर्क असल्यामुळें कच्च्या कातड्याशीं तो सजातीय द्रव्याप्रमाणें एकजीव होतो. कमावलेलें कातडें तुरट द्रव्यानें पालटलेलें व पुष्कळदां तेलानें मुरलेलें असतें. त्याच्याशीं सरसाचें तितकें जमत नाहीं. तेव्हां एखाद्या कमानीवर मऊ कमावलेलें चामडें दिसलें, तर तें तिचा अवयव नसून वस्त्र आहे असें प्रथम धरून चालावें. असें चामडें जाड असेल तर तें उलट ओझेंच होय, कारण धनुष्याच्या टोंकांकडे वाढलेलें वजन बाणाच्या वेगांतून वजा होतें.

यापुढची पायरी स्नायूंची. येथें शब्दानेंच वाचकाची फसगत होते. आजच्या मराठींत 'स्नायु' म्हटलें म्हणजे मांसपेशी समजतात. जुन्या संस्कृत ग्रंथांत तसें नाहीं. सुश्रुतानें पेशी 500, स्नायु 900 व कंडरा 16 अशा वेगळ्या मोजल्या आहेत. त्याचा स्नायु म्हणजे शरीर बांधून धरणारा पांढरा चिवट तंतु. धनुष्यास लागतो तो हाच, जनावराच्या पायांतील किंवा पाठीच्या कण्यालगतचा. तो वाळवून, कुटून, केंसासारखा विंचरून, सरसांत बुडवून पाठीवर उभ्या रेघांनीं थरावर थर बसवितात. फारशी 'पै' शब्दाचेंहि असेंच आहे. त्याचा एक अर्थ स्नायु आणि दुसरे अर्थ पाऊल व माग असे असल्यामुळें कमानीच्या वर्णनांत तो आला असतां संदर्भ पाहूनच अर्थ करावा लागतो. स्नायु लाकडाच्या कित्येक पट ताणला जाऊन पुन्हां मूळ लांबीवर येतो. म्हणजे कच्चें कातडें पाठ राखतें, तर स्नायु पाठीस नवीन बळ देतो.

पोप यांस ही विद्या मिळाली ती इशी या याही जमातीच्या शेवटच्या पुरुषाकडून. तो 1911 मध्यें कॅलिफोर्नियांत लोकांत आला व 1916 मध्यें वारला. हरणाचे स्नायु चावून मऊ करून, सामन माशाच्या कातडीच्या सरसानें ते धनुष्याच्या पाठीस लावण्याची त्याची पद्धत पोप यांनीं 1918 मध्यें नोंदवून ठेविली. तो आणखी पांच वर्षें अज्ञात राहता तर ही माहिती त्याच्याबरोबरच जाती.

आशियांतील संयुक्त धनुष्यांत ही विद्या पूर्णतेस गेली. पोटास म्हशीच्या शिंगाची पट्टी, मध्यें लाकडाचा पातळ गाभा, पाठीस स्नायु व सर्वांस बांधणारा सरस अशी ही रचना. तुर्की कारागिरांची रीत मुस्तफा कानी यानें 1847 मध्यें इस्तंबूल येथें छापलेल्या ग्रंथांत सविस्तर दिली आहे, व पॉल क्लॉप्स्टेग यांनीं 1934 मध्यें ती इंग्रजी वाचकांपुढें ठेविली. सुमारें इ. स. 1500 च्या एका अरबी हस्तलिखिताचें फारिस व एल्मर यांनीं केलेलें भाषांतर 1945 मध्यें प्रिन्स्टन येथून निघालें. त्यांत धनुष्यास देहाची उपमा दिली आहे. लाकूड तो सांगाडा, शिंग तें मांस, स्नायु त्या शिरा, सरस तें रक्त. या देहाच्या घटकांत चामडें मोजलेलें नाहीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आपल्या ग्रंथांतहि थोडें असेंच दिसतें. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी 1905 मध्यें म्हैसूर येथें शामशास्त्री यांच्या हातीं आली व 1909 मध्यें तिचें मुद्रण झालें. तिच्यांत आयुधागाराच्या प्रकरणीं धनुष्याचीं द्रव्यें ताड, वेळू, लाकूड व शिंग अशीं चार सांगितलीं आहेत आणि दोरीच्या द्रव्यांत मूर्वा, रुई, ताग इत्यादिकांबरोबर स्नायु आला आहे. कातडें त्याच प्रकरणांत येतें, पण तें अंगावरील आवरणांच्या संबंधांत. धनुष्याच्या द्रव्यांत नाहीं. यावरून पाठीस कातडें लावीतच नसत असें कोणी म्हणेल तर तें घाईचें होईल. शिंगाचें धनुष्य म्हटलें असतां स्नायु व सरसहि सांगितलेले नाहींत, आणि शिंग दाबास जितकें उत्तम तितकें ताणास नाहीं. निव्वळ शिंगांचीं धनुष्यें होऊंच शकत नाहींत असें नव्हे. तरी शार्ङ्गधरपद्धतींत, म्हणजे 1363 च्या संग्रहांत, शार्ङ्ग धनुष्य हत्तीवरील योद्ध्यांस व घोडेस्वारांस आणि वेळूचें रथी व पायदळास असा जो भेद केला आहे, तो स्वाराच्या आंखूड संयुक्त धनुष्याशीं इतका जुळतो कीं तेथें तरी शार्ङ्ग म्हणजे शिंग व स्नायु यांचें धनुष्य असेंच समजणें मला युक्त वाटतें. ग्रंथकार मुख्य द्रव्याचें नांव घेतो, बाकीचें कारागिरास ठाऊक म्हणून सोडतो.

चामड्याचा शब्द धनुष्याजवळ आला म्हणजे तो धनुष्याचाच असें समजण्याचीहि चूक होते. 'गोधा' हा शब्द महाभारतांत योद्ध्यांच्या वर्णनांत वारंवार येतो. गोधा म्हणजे घोरपड. तिच्या कातड्याचा पट्टा डाव्या हातावर दोरीचा तडाखा चुकविण्यास बांधीत, आणि अमरानेंहि गोधा व तल हे शब्द याच अर्थीं दिले आहेत. तें धनुष्याचें कवच नव्हे, धनुर्धराचें. तसेंच अग्निपुराणांत दोरीचीं द्रव्यें वेळू, भंग व त्वच् अशीं सांगितलीं आहेत. तेथें 'त्वच्' म्हणजे कातडें घ्यावें कीं झाडाची साल, हा प्रश्न निव्वळ कोशावरून सुटत नाहीं.

हाच कातड्याचा व सालीचा संशय प्रत्यक्ष वस्तूंतहि भेटतो. स्नायु व सरस यांस पाण्याचें वावडें, म्हणून त्यांवर कांहीं तरी पांघरूण पाहिजे. तुर्कांनीं पातळ चामडें किंवा भूर्जाची साल लाविली. चीनमधील मांचू कमानींवर भूर्जच आढळतें. तूतनखामेनचें थडगें 1922 मध्यें सांपडलें, त्यांतील संयुक्त धनुष्यांवरहि भूर्जसाल आहे, आणि भूर्ज तर मिसर देशांत होत नाहीं. ज्या सालीवर काश्मीरच्या पोथ्या लिहिल्या गेल्या तीच साल धनुष्याची पावसाळी घोंगडी व्हावी, हा योग मोठा गमतीचा आहे. हिंदुस्थानी कमानींवर बहुधा रंग, सोनेरी नक्षी व रोगण चढविलेलें असतें, त्यामुळें खालीं काय आहे हें दिसतच नाहीं. ओल्या थंडीनें सरस वाळत नसे अशा उत्तर ध्रुवाकडील एस्किमो लोकांनीं तर सरस सोडूनच दिला. ते स्नायूंची दोरी वळून ती पाठीवर नुसती बांधीत. आपल्या देशांत पोलादी कमानी इतक्या झाल्या त्याचेंहि कारण हवेंतील दमटपणा, असें मानितात. शस्त्रागारांत वर्षानुवर्षें पडून राहिल्यानें पोलादाचे सांधे सुटत नाहींत.

आतां संग्रहांतील कमान पाहण्याविषयीं. आच्छादन सोलून पाहूं नये. त्याची गरजहि नसते. टोंकांपाशीं, मुठीच्या कडेस किंवा जेथें रोगण उडालें असेल तेथें भिंगानें पाहावें. कच्चें कातडें कडेस किंचित् पारदर्शक, पिंवळट व टणक दिसतें. कमावलेल्या कातड्याची कड तपकिरी व लवदार असते. स्नायु असल्यास विंचरलेल्या केंसांसारख्या उभ्या रेघा दिसतात. भूर्जाच्या अंगावर त्या आंखूड, तुटक रेघा असतात, ज्या पोथ्या वाचणारांच्या डोळ्यांस सवयीच्या आहेत. ओलें फडकें कदापि लावूं नये. कीड स्नायु व सरस दोन्ही खाते, म्हणून पाठीवर बारीक भोकें किंवा भुकटी आढळल्यास ती कमान इतर वस्तूंपासून ताबडतोब वेगळी ठेवावी.

सर्वांत मोठा धोका दोरीचा. संयुक्त धनुष्याची दोरी उतरली कीं तें पाठीच्या बाजूस वळतें, कधीं कधीं खेकड्याच्या नांग्यांप्रमाणें दोन्ही टोंकें एकमेकांजवळ येतात. तें पाहून अजाण मनुष्य त्या वांकाच्या आंतल्या बाजूसच दोरी बांधतो. म्हणजे पाठीस पोट व पोटास पाठ समजतो. मग शोभेसाठीं दोरी थोडी ओढली कीं ताण सहन न करणारें शिंग ताणलें जातें व स्नायु दाबले जातात. जुन्या चित्रांत कमान कोणत्या बाजूस वांकली आहे हें पाहिल्यास हा भ्रम राहत नाहीं. पण बरोबर बाजू कळली म्हणून जुनी कमान चढवावी असें मुळींच नाहीं. नोंद लिहितांना "पाठीस चामडें" न लिहितां, कच्चें कीं कमावलेलें, खालीं स्नायूंच्या रेघा दिसतात कीं नाहीं व कोठें दिसतात, पोटास शिंग आहे काय, वर साल कीं रोगण, आणि उतरलेल्या स्थितींत वांक कोणत्या बाजूस आहे, इतकें लिहावें. जें दिसलें नाहीं त्याची जागा कोरी सोडावी.